भट्टीत रस असताना वीज घालवू नका : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री पुन्हा लाईट गेली. ना पाऊस, ना वारा, ना पूर्वसूचना. माझ्या फौंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, एक टनी इंडक्शन भट्टीत बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस तयार होता, टॅपिंग म्हणजे तो बाहेर ओतून घेणंच तेवढं बाकी होतं.

वीज कंपनीचे साहेब म्हणतात, "अर्ध्या तासात आली ना परत?" साहेब, या भट्टीत कोळसा नसतो. तांब्याच्या कॉइलमधून सतत दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे खुद्द लोखंडात प्रवाह फिरतात आणि ते आतून तापतं. वीज गेली की त्याच क्षणी उष्णता बंद. १४५० अंशांचा रस ११५० च्या आसपास थिजतो. तोवर बाहेर काढला नाही तर गोळा भट्टीतच बसतो. कॉइल पोकळ असते, तिच्यातलं पाणी थांबून चालत नाही. ती जळून पाणी रसात गेलं तर स्फोटच!

आधी कॉइलचं पाणी चालू ठेवायला डिझेलवरच्या पंपाकडे धावलो. मग पोरांनी बॅटरीच्या उजेडात हायड्रॉलिकचा हातपंप मारून भट्टी कलती केली आणि रस वाळूत ओतला. एकाच्या पोटरीवर ठिणग्या उडाल्या, कातडी सोलली. सकाळी भट्टीच्या लायनिंगला, आतल्या अस्तराला, उभी चीर. रॅमिंग मास, म्हणजे अस्तराची भुकटी, पुन्हा ठोकायचं, सिंटरिंग करून म्हणजे तापवून ते घट्ट करायचं. साचे वाया, डिलिव्हरी चुकली. डिमांड चार्ज, म्हणजे विजेच्या मागणीवरचा स्थिर आकार, मात्र पूर्ण लागणार.

दिवाळीआधीच्या बैठकीत स्वतंत्र फीडरचा, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीचा, शब्द मिळाला होता. अजून एक खांब उभा नाही.

कोळशावरच्या कुपोला भट्टीचा धूर नको म्हणून आम्ही कर्ज काढून विजेकडे वळलो. टनाला सहाशेच्या आसपास युनिट लागतात, त्यांचा पैसा वेळेवर भरतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा, घसरला की त्याच महिन्याच्या बिलात वसुली. वीज कायदा २००३ चं कलम ५७ ग्राहकाला भरपाई देतं. आम्ही अर्ज केला की "तांत्रिक बिघाड" लिहून फाईल बंद. आमची चूक झाली की दंड, तुमची झाली की बिघाड! रस्ता, पाणी, परवाने, सगळीकडे हाच न्याय. कारखानदाराने भरायचं आणि वर हात जोडून उभं राहायचं.

कागल ओलांडलं की कर्नाटक. मला जायचं नाही. वडिलांनी इथेच ऑइल इंजिनांची कास्टिंग ओतली, माझी माणसं याच गावांतली आहेत. पण त्यांच्या अंगावर रस उडाला तर घरच्यांना उत्तर मी द्यायचं की तुम्ही?

बैठक नको, आश्वासन नको. फीडरच्या वर्क ऑर्डरची प्रत पाठवा, आणि तोवर वीज बंद करण्याआधी निदान एक फोन करायला लावा.

आपला,
एक फौंड्रीचालक, कोल्हापूर