कांदा ‘किरणोत्सर्गी’ होत नाही

संपादक महोदय,

साठवलेल्या कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर किरण सोडणाऱ्या लासलगावच्या विकिरण केंद्राविषयीच्या आपल्या बातमीला ‘किरणोत्सर्गी कांदा’ असा मथळा होता. तो वाचून फार वाईट वाटले. परवाच भाजीच्या गाडीवर एक बाई विचारत होत्या, “दादा, हा रेडिएशनवाला कांदा नाही ना?” असल्या मथळ्यांनी ही भीती आणखी पसरते.

किरणोत्सर्ग म्हणजे पदार्थाने आपणहून किरण बाहेर टाकणे. १८९६ साली पॅरिसमध्ये आंरी बेकरेल यांना दिसले, की काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच युरेनियमच्या क्षारांमुळे काळवंडते, आणि त्याला ऊनही लागत नाही. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी या गुणधर्माला ‘रेडिओॲक्टिव्हिटी’ हे नाव दिले. त्यातला ‘रेडिओ’ लॅटिन ‘रेडियस’वरून आला. रेडियस म्हणजे किरण आणि चाकाचा आराही. मराठीत किरण आणि उत्सर्ग, म्हणजे सोडणे, यांची जोड झाली. अर्थ अगदी नेमका बसतो, म्हणून तर हा शब्द असा कुठेही चिकटवलेला खटकतो.

लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्गी आहे ते कोबाल्ट-६०. कांदा नव्हे. कोबाल्टचे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात आणि आतल्या कोंबाच्या पेशींची वाढ थांबवतात. त्यासाठी साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) एवढी मात्रा पुरते. या किरणांची ऊर्जा कांद्यातल्या अणूंना किरणोत्सर्गी करण्याइतकी नसते. छातीचा एक्स-रे काढून घरी आलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघतात का? तसेच हे. या क्रियेला विकिरण म्हणतात.

विकिरणाने सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणत नाही. साठवणीच्या चाळीतली सड त्याने थांबत नाही, आणि काढणीनंतर उशीर झाला तर कोंबावरही नीट परिणाम होत नाही. या उणिवांवर आणि खर्चावर जरूर लिहा. पण कोंब येऊन उन्हाळ कांदा वाया जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याने हा मार्ग धरला, तर चुकीच्या शब्दापायी त्याचे गिऱ्हाईक तुटू नये.

विकिरण केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर तसे लिहून हिरवे ‘रॅडुरा’ चिन्ह छापावे लागते. कृपया दुरुस्ती छापाल तेव्हा हे चिन्हही दाखवावे.

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक