ओले स्क्रॅप आणि सरासरीचे गुण

महोदय,

दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू होतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींत (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत) शपथा होतात, फलक लागतात आणि तपासणीचा तक्ता भरून फायलीत जातो. त्यात उत्तरे दोनच, हो किंवा नाही. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या, कामगाराला चष्मा दिला आहे का? हो. काच खरवडून धूसर झाली म्हणून तो चष्मा कपाळावर चढवलेला असतो, त्याला तक्त्यात रकाना नाही.

अशा ठिकाणी फझी पद्धत कामी येते. लॉत्फी झादे या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलेल्या या गणितात मधल्या उत्तरांनाही जागा आहे. शून्य ते एक या पट्टीवर प्रत्येक शब्दाला तीन आकडे द्यायचे: किमान, बहुधा, कमाल. 'थोडे' म्हणजे ०, ०.२५, ०.५, 'बरे' ०.२५, ०.५, ०.७५, 'चांगले' ०.५, ०.७५, १. मग सुरक्षा अधिकारी, सुपरवायझर आणि प्रत्यक्ष कामावरचा माणूस यांना वेगवेगळे विचारायचे. एकत्र बसवले की कामगार साहेबांचेच उत्तर देतो.

गल्लत होते ती पुढे. डस्ट कलेक्टरला (धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राला) अधिकाऱ्याने 'चांगले', सुपरवायझरने 'बरे', कामगाराने 'थोडे' म्हटले, तर सरासरी ०.२५, ०.५, ०.७५. तिघेही 'बरे' म्हणाले असते तरी हीच! मतभेद पुसला गेला. म्हणून सरासरी फक्त मधल्या आकड्याची घ्यावी. किमान सर्वांत लहान, कमाल सर्वांत मोठा ठेवावा. उत्तर ०, ०.५, १ येते. आकडा इतका पसरला की कागद बाजूला ठेवून शेकआउटपाशी, म्हणजे वाळूचा साचा फोडून ओतीव भाग काढतात तिथे, जाऊन उभे राहावे. सिलिकाची धूळ तिथे उडते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग एकदा झाला की बरा होत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते. प्रशिक्षण 'उत्तम' (मधला आकडा १), अग्निशमन 'उत्तम', प्रथमोपचार 'चांगले' आणि भट्टीत जाणारे स्क्रॅप कोरडे असण्याबाबत 'थोडे'. चारांची सरासरी बरोबर ०.७५, म्हणजे कारखाना 'चांगला'! ओला तुकडा वितळलेल्या लोखंडाखाली गेला की पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढते आणि धातू भट्टीबाहेर उसळतो. तोंड बंद असलेल्या पोकळ नळ्यांचेही तेच. तिथे प्रथमोपचाराचे गुण काय कामाचे? भट्टी, लॅडल (वितळलेला धातू वाहून नेणारे भांडे), क्रेन यांसारख्या जीवघेण्या मुद्द्यांची सरासरी काढूच नये. त्यांतली सर्वांत खालची श्रेणी तीच कारखान्याची श्रेणी धरावी.

आणि मार्चमध्ये स्क्रॅप कोरडेच असते. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावरच्या ढिगाची काय गत होते ते सर्वांना माहीत आहे. हा एक मुद्दा तरी जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तपासावा, तोही भट्टीवरच्या माणसाला विचारून.

– एक सुरक्षा अभियंता, शिरोली, कोल्हापूर