हिरवळीतला लाल चेंडू

माननीय संपादक,
स. न.

पाळीव प्राण्यांवरच्या लेखात ‘कुत्र्यांना सगळं जग कृष्णधवल दिसतं’ हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हा समज इतका रुळला आहे की तो खरा आहे का, असा प्रश्नच कुणाला पडत नाही.

आमच्या घरी आठ वर्षं एक कुत्री आहे. ती लहान असताना आम्ही मुद्दाम लाल चेंडू आणला होता, लांबूनही उठून दिसावा म्हणून. हिरवळीवर फेकलेला चेंडू पळत असेपर्यंत ती बरोबर त्याच्या मागे असायची. तो थांबला की मात्र तिची गडबड व्हायची. दोन हातांवरून पुढे निघून जायची, थबकायची, मग नाक जमिनीला लावून गोल गोल फिरत मागे यायची. “अगं, समोरच तर आहे!” असं आम्ही ओरडायचो. तिला वेंधळी म्हणायचो, याचं आज फार वाईट वाटतं. पुढे निळा चेंडू आणला, तेव्हा ती थेट त्याच्यावर झेपावली.

यात तिचं काहीच चुकत नव्हतं. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोन. त्यातली एक साधारण ४२९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते, दुसरी ५५५ च्या आसपासच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला. त्यामुळे निळा आणि पिवळा हे रंग त्याला नीट वेगळे कळतात. लाल आणि हिरवा मात्र दोन्ही मळकट पिवळ्या-तपकिरी छटांत जातात, त्यातही लाल जास्तच काळपट. म्हणजे आमचा ‘उठून दिसणारा’ चेंडू तिच्यासाठी गवतातच विरघळलेला होता.

हे १९८९ सालीच कॅलिफोर्नियातल्या नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स या संशोधकांनी दाखवून दिलं. तीन प्रकाशित चौकटींपैकी वेगळ्या रंगाच्या चौकटीला कुत्र्याने नाक लावायचं आणि बरोबर ठरलं की खाऊ मिळवायचा, असा तो प्रयोग. २०१३ साली रशियन संशोधकांनी आणखी एक शंका मिटवली. कुत्रे रंग पाहतात की नुसता उजळ-गडदपणा? निळ्या-पिवळ्या कागदांचा उजळपणा उलटापालटा केला, तरी बहुतेक वेळा कुत्र्यांनी रंगच धरून निवड केली.

आपल्यातही लाल-हिरव्यात गोंधळ होणारी माणसं असतात. त्यांचं जग कृष्णधवल आहे असं आपण म्हणत नाही.

शिवाय रंग दोन म्हणून नजर अधू, हेही खरं नाही. बारीक तपशील कुत्र्याला आपल्यापेक्षा कमी दिसतात आणि अगदी नाकासमोरची वस्तू धूसर होते, हे मान्य. पण संधिप्रकाशात तो आपल्याला मागे टाकतो. दृष्टिपटलाच्या मागे असलेला चकचकीत थर आत आलेला प्रकाश पुन्हा दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर परतवतो. रात्री गाडीच्या दिव्यात कुत्र्याचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. आपल्याला समोरचं साधारण १८० अंशांतलं दिसतं, त्याला जातीनुसार २४० पर्यंत. बारीकशी हालचालही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आणि उरलेलं काम नाक करतं. माणसाकडे वासाच्या ग्राहक पेशी काही दशलक्ष, कुत्र्याकडे वीस कोटींच्या वर. मघाशी सांगितलेलं ते गोल गोल फिरणं म्हणजे गोंधळ नव्हताच. डोळ्यांनी हात टेकले तिथून तिच्या नाकाने शोध सुरू केला होता. फिरायला नेल्यावर एका खांबापाशी कुत्रा दोन मिनिटं खिळून राहतो, तेव्हा पट्टा ओढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याला हुंगू द्या. त्याचं बघणं तिथेच चाललेलं असतं.

खेळण्यांच्या दुकानात लाल-नारिंगी रंगच जास्त दिसतात. ते विकत घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत भरतात, खेळणाऱ्या कुत्र्याच्या नाही. आपल्या लेखातलं एक वाक्य दुरुस्त झालं तर काही वाचक तरी निळं खेळणं उचलतील. ती दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक