दुसरी टीडी वाटेतच राहते : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे, म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे इथून ऊसतोडीच्या गाड्या सुटतात. त्यांत बसणाऱ्या गरोदर बायांच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल हे पत्र आहे.

माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं दूरीकरण झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. म्हणजे रोग संपला असं नाही. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. जंतू मातीत आहेत, शेणात आहेत, ते कुठे जाणार? नोकरीच्या सुरुवातीला मी असं एक बाळ पाहिलंय. चार दिवस छान अंगावर पीत होतं, मग ओढेनासं झालं. जबडा उघडेना. दाराची कडी वाजली तरी कमानीसारखं ताठायचं. त्याच्या आईला एकही इंजेक्शन मिळालेलं नव्हतं.

आता नुसत्या धनुर्वाताच्या टीटीच्या जागी धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींचं टीडी आलंय, गावात अजून ‘टीटीचं इंजेक्शन’च म्हणतात. पहिला डोस दिवस राहिल्याचं कळताच, दुसरा चार आठवड्यांनी. घोळ या चार आठवड्यांत आहे. घटस्थापनेला पहिला डोस घेतलेली बाई दुसऱ्याच्या तारखेला सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असते. आमच्या रजिस्टरला तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं की आमचं काम संपतं. तिकडच्या सिस्टरचं सुरूच होत नाही, कारण ती बाई त्यांच्या गावची नाही.

‘या बायका अडाणी, सुईला घाबरतात,’ असं बैठकांमध्ये सर्रास ऐकलं. साहेब, त्यांची कारणं ऐकून घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. ती दवाखान्यात गेली की कोयता थांबला, मुकादम खाडा लावणार आणि तो उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांत, चढणार. एकीनं मला विचारलं होतं, “बाई, टोचल्यावर दंड दोन दिवस ठणकतोय. मोळी काय तुम्ही उचलणार का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी म्हणाली, “मागच्या खेपेला घेतलंय की दोन्ही.” तिचं अर्धं बरोबर होतं. मागच्या तीन वर्षांतल्या बाळंतपणात दोन्ही डोस झाले असतील तर या वेळी एकच, बूस्टरचा, पुरतो. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आणि सिद्ध करायला कार्ड कुठाय? कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाणी शिरून त्याचा लगदा झालेला. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, कुठूनही नोंद सापडते म्हणतात, पण मोबाईल नवऱ्याच्या खिशात आणि नंबर दर हंगामाला नवा. सासूबाईंचं “आम्हाला कुठं टोचलं होतं?” हे मात्र पूर्वीइतकं ऐकू येत नाही. तेवढं आशाताईंनी मिळवलंय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ९२ टक्के मातांचं शेवटचं बाळ नवजात धनुर्वातापासून संरक्षित होतं. आकडा चांगलाच आहे. पण उरलेल्या ८ टक्क्यांतल्या बाया शोधायच्या कुठे, हे फडावर गेलेल्याला सांगावं लागत नाही. आणि बाळंतपण कोपीतच झालं तर नाळ हाताला येईल त्यानं कापली जाते.

२०१९ मध्ये आमच्याकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रिया विधिमंडळात गाजल्या, तेव्हा सगळं सरकार फडापर्यंत आलं. इंजेक्शनासाठी एवढ्या गाजावाजाची गरज नाही. टोळीत जाणाऱ्या गरोदर बायांची नोंद पोळ्याच्या आत करा, म्हणजे दोन्ही डोस इथेच बसतील. ज्यांना तिकडे गेल्यावर दिवस राहतात, त्यांच्यासाठी कोप्यांवर संध्याकाळी सातनंतर सत्र ठेवा. दिवसा तिथे म्हातारी माणसं आणि पोरंच सापडतात. डोस कुणाच्या खात्यात धरायचा, हा वाद दोन जिल्ह्यांनी आपसात मिटवावा.

कोणती टोळी कुठे आहे ते कसं कळणार, असं अधिकारी विचारतील. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे फडावर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, विचारा. आज कुठली गाडी कुणाच्या फडात भरतेय, हे त्याला रोज ठाऊक असतं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. बीड