जुन्या हंड्या-झुंबरांची नोंद व्हावी

महोदय,

जुने वाडे पाडले जातात तेव्हा सागवानी खांबांना लगेच गिऱ्हाईक मिळते; दिवाणखान्यात छताला टांगलेले रंगीत काचेचे दिवे, म्हणजे हंड्या, आणि झुंबरे मात्र ओळख न पटताच कवडीमोलाने विकली जातात, हे पाहून फार वाईट वाटते. एकोणिसाव्या शतकात बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेश) आणि इंग्लंडमधून अशी काच आपल्याकडे आली. झुंबरे बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचे तर कोलकात्यात स्वतःचे दालन होते.

ही काच ओळखता येते. फुंकून घडवलेल्या काचेच्या तळाशी, घडवताना ती धरलेल्या सळईपासून तोडल्याची खरखरीत किंवा घासून गुळगुळीत केलेली खूण बहुधा सापडते, तर साच्यातल्या काचेवर जोडाची बारीक रेघ दिसते. पिवळसर हिरवी काच अतिनील दिव्याखाली लख्ख हिरवी उजळली, तर तिच्यात युरेनियम असण्याची शक्यता मोठी.

सणासुदीला हंड्या उतरवून कढत पाण्यात सोड्याने घासण्याची पद्धत तर थांबलीच पाहिजे, कारण त्याने सोनेरी मुलामा उडतो आणि एकदम तापल्याने काच तडकते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरेसे आहे. मुलाम्यावर केवळ कोरडा ब्रश फिरवावा. ओल राहिल्यास काचेतील क्षार पाझरून ती कायमची धुरकट होते.

देवस्थानांनी आणि वाड्यांच्या मालकांनी अशा प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह नोंद ठेवावी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तींना परदेशी पाठवण्यास पुरातन वस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्याने मनाई आहे, परंतु नोंदच नसेल तर वय सिद्ध कसे करणार?

– एक वाचक, सातारा