पर्वतीच्या पायथ्याशी आमचं नेट ताणून देणाऱ्या मांडववाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायच्या आत टेम्पो सुटला, म्हणून हे पत्र असं चारचौघांत. शेजारच्या मंडळाच्या गणपतीच्या मांडवाचे बांबू टाकायला आला होतात, एवढंच आम्हाला ठाऊक.

आमच्या व्हॉलीबॉलच्या नेटला कायम झोळ. कडेला 2.43 मीटर भरायचं आणि मधे वीतभर खाली. मग जो येईल तो दोरी ओढायचा. तुम्ही दोरीला हातच लावला नाहीत. खांबाला खांदा लावून रेटून पाहिलंत आणि म्हणालात, "दोरी काय ओढताय, खांबच आत येतायत."

खरंच होतं. आडव्या दोरीतला शेवटचा बोटभर झोळ काढायचा तर ओढ कितीतरी पटीनं वाढवावी लागते, आणि ती सगळी खांबाच्या शेंड्यावर येते. पावसानं भिजलेला मुरूम ती कुठवर पेलणार?

मग तुम्ही खड्डा उकरलात. खांब जरासा बाहेर कललेला धरायला लावलात. तळाशी बाहेरच्या अंगाला एक दगड, आणि वर जमिनीलगत आतल्या अंगाला दुसरा, असे ठासून बसवलेत. उरलेला मुरूम थराथरानं पहारीच्या बुडानं ठोकलात. ओढ बसली की खांब नेमका याच दोन ठिकाणी रेटतो, हे तुम्ही आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना खांब हलवून दाखवलंत. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते!

वरच्या पट्टीतली नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, तिथं तार ओवा, हेही तुमचंच. बोहरी आळीतून तार, यू क्लॅम्प आणि टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) आणून ते काम केलं. आता मधे बरोबर 2.43 भरतं. नियमात कडेला जास्तीत जास्त दोन सेंटिमीटर वर असायची सूट आहे, दोन्ही कडांना सारखीच. आमचं तेवढ्यात बसतं.

पण खरे आभार खालच्या दोरीचे. तिच्याकडे इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. तुम्ही दोरीत फासा केलात, टोक खांबाच्या कडीतून फिरवून परत फाशातून घेतलंत आणि ओढलंत. एका हातानं दोरी तारेसारखी झाली. पूर्वी नेटच्या खालच्या भागावर आदळलेला चेंडू तिथंच मरायचा. आता तो बाहेर येतो, आणि एखादा टच शिल्लक असेल तर आमचा लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, गुडघ्यावर बसून उचलतोसुद्धा. म्हाताऱ्या अटॅकर मंडळींनी मात्र कुरकुर सुरू केली आहे: झोळावरून स्मॅश मारायची सोय गेली.

खेळ संपला की टर्नबकल सैल करून ठेवतो, रात्रभर खांबांवर ओढ नको म्हणून.

विसर्जनानंतर मांडव सोडायला याल तेव्हा संध्याकाळी मैदानावर या. चहा आमच्याकडे. मुलींचं नेट 2.24 वर लागतं, त्यासाठी खांबांना दुसऱ्या कड्या बसवायच्या आहेत. वेल्डिंग करावं की पट्टा आवळावा, ते तुम्ही बघून सांगा.

तुमचे,
संध्याकाळच्या नेटवरचे सगळे