पाण्याचा हिशेब आधी, परवानगी नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरवाढीची चर्चा रस्ते, पूल, मेट्रो आणि घरे यांभोवतीच फिरते. पायाखालच्या पाण्याचा विषय निघतो तो बोअर कोरडी पडल्यावर. जगातले 55 टक्के लोक शहरांत राहतात आणि 2050 पर्यंत हे प्रमाण 68 टक्क्यांवर जाईल, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा 2018 चा अंदाज आहे. एवढ्या लोकांना नळाचे पाणी पुरले नाही, की उपसा जमिनीतूनच होणार.

हा उपसा पावसाळ्यात भरून निघतो, हा समज घातक आहे. चिकणमातीच्या थरांतले पाणी काढले की कणांमधल्या पोकळ्या दबतात, थर आकसतो आणि जमीन खचते. पुढे कितीही पाऊस झाला तरी तो थर पूर्वीसारखा होत नाही. त्यात वर डांबर आणि काँक्रीट. पाऊस मुरणार कुठे? म्हणून एकाच वर्षी पूरही येतो आणि टंचाईही. मेक्सिको सिटी जुन्या सरोवराच्या गाळावर उभी आहे. तिचे काही भाग वर्षाला सुमारे अर्धा मीटर खचतात. जकार्ता खचत असल्याने, इतर कारणांबरोबर त्याही कारणाने, इंडोनेशियाने 2019 मध्ये राजधानी बोर्निओवर हलवण्याचे जाहीर केले. सरकारी कचेऱ्या हलतील, पण तिथल्या एक कोटीहून अधिक रहिवाशांनी कुठे जायचे?



हे थांबवता येते. टोकियोचे काही भाग विसाव्या शतकात चार मीटरहून अधिक खचले होते. 1956 आणि 1962 च्या कायद्यांनी कारखाने व इमारतींच्या उपशावर बंधने आली आणि 1970 च्या दशकात खचणे बरेचसे आटोक्यात आले. मात्र खचलेला भाग वर आला नाही. तो आजही बांध आणि पंपांच्या भरवशावर आहे.

म्हणून नव्या इमारतीला परवानगी देण्याआधी तिचे पाणी कुठून येणार, याचे लेखी उत्तर घेतले पाहिजे, आणि ‘टँकर’ हे उत्तर मान्य होता कामा नये. प्रत्येक मोठ्या बोअरला मीटर हवा. आपल्यालाही एक विनंती: धरणसाठ्याचे आकडे आपण छापता, त्यांच्या शेजारी दरमहा भूजलपातळीही छापावी.

– एक नियमित वाचक